ख्याल, भावगीत, लावणी: कोणासाठी कोणता ओपन-बॅक हेडफोन

ओपन-बॅक हेडफोनची जी परीक्षणे आपल्या वाचनात येतात ती बहुतेक जॅझ, रॉक किंवा सिम्फनी समोर ठेवून लिहिलेली असतात, आणि त्यांत सर्वांत जास्त कौतुक होते ते आवाजाच्या पसाऱ्याचे, म्हणजे वाद्ये डोक्याबाहेर किती लांब आणि किती रुंद पसरलेली ऐकू येतात याचे. ज्याच्या संग्रहात ख्याल, नाट्यपदे, भावगीते आणि लावण्या यांचाच भरणा आहे, त्याने या एका गुणाला भुलून खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण वर्षानुवर्षे जी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत आलो ती बहुतेक मोनो आहेत. डाव्या आणि उजव्या कानात एकच आवाज जात असल्यामुळे गायक आणि साथीदार डोक्याच्या मधोमध एकाच ठिकाणी ऐकू येतात, आणि हेडफोनचा पसारा कितीही मोठा असला तरी जे ध्वनिमुद्रणातच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. अशा ऐकण्याला कसोट्या वेगळ्या लावाव्या लागतात: गळ्याचा पोत खरा वाटतो का, तानपुऱ्याची जवारी (तारेच्या झणकारातली चमक) स्वच्छ उमटते का, डग्ग्याचा घुमारा तबल्याच्या चाटेला, म्हणजे काठावरच्या आघाताला, झाकून टाकतो का, आणि दोन-तीन राग ऐकून झाल्यावर कान शिणतात का.

बंद कपाच्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज कपात कोंडला जातो, आतल्या भिंतीवर आपटतो आणि त्यातला काही भाग परत कानाकडे येतो. गाणे डब्यातून आल्यासारखे वाटते ते त्यामुळे. ओपन-बॅकमध्ये कपाची पाठ जाळीची असते आणि मागचा आवाज सरळ बाहेर निघून जातो. १९६८ साली सेनहायझर या जर्मन कंपनीने ‘एचडी ४१४’ हा हेडफोन बाजारात आणला तेव्हापासून ही रचना रूढ झाली. त्याच्या पिवळ्या फोमच्या गाद्या अजूनही जुन्या शौकिनांच्या लक्षात आहेत. या मोकळेपणाची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. एक तर बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. दुसरे म्हणजे कानाभोवती हवा कोंडलेली नसल्यामुळे नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरचा (तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणाऱ्या भागाचा) खर्ज, म्हणजे अगदी खालचा आवाज, साधारण शंभर हर्ट्झच्या खाली उतरत जातो.

या तुलनेतले हेडफोन कोल्हापुरातल्या आमच्या परिचयाच्या श्रोत्यांकडचे आहेत: सेनहायझर ‘एचडी ६००’, बायरडायनॅमिक ‘डीटी ९९० प्रो’ (२५० ओहम), एकेजी ‘के ७०२’ आणि हायफायमॅन ‘एचई ४०० एसई’. त्यांच्या जोडीला सेनहायझर ‘एचडी ५६० एस’ आणि ग्रॅडो ‘एसआर ८० एक्स’ यांचाही अनुभव घेता आला. सगळे एकाच ॲम्पवर (हेडफोनला जोर पुरवणाऱ्या यंत्रावर) आणि शक्य तितक्या सारख्या आवाजात ऐकले, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो आणि तुलना तिथेच फसते. ऐकणाऱ्यांत एक तबलावादक होते आणि देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेतल्या बैठकी अगदी जवळून ऐकलेले एक ज्येष्ठ रसिकही होते. त्यामुळे माझ्या मतांना आडकाठी घालणारी माणसे समोरच होती, हे सांगून ठेवतो.

ख्यालाचा विचार आधी करतो, कारण कोल्हापुरात तो टाळून संगीताविषयी बोलता येत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ इथे राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या शहरात रुजली. खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी आपल्याला उपलब्ध नाही. ती गायकी आपण ऐकतो ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि पुढे मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर यांच्या ध्वनिमुद्रणांतून. या गायकीचा सगळा डौल मोकळ्या, भरदार आकारात (‘आ’ लावून गाण्यात) आणि स्वराला स्वर जोडत जाणाऱ्या लयदार तानेत आहे. आकाराचा भरदारपणा ज्या मधल्या पट्टीत असतो ती पट्टी हेडफोनने पोकळ केली, तर गाणारी व्यक्ती दूर सरकते आणि तान नुसती वेगवान ऐकू येते, तिचे वजन जाणवत नाही.

या कसोटीवर ‘एचडी ६००’ बाकी सगळ्यांच्या पुढे आहे, आणि हे अंतर थोडेथोडके नाही. १९९७ साली आलेला हा हेडफोन आजही मानदंड मानला जातो, त्याचे कारण मधल्या पट्टीत शोधावे लागते. गळ्यातले घर्षण, दमसास संपत आल्यावर स्वरात येणारी किंचित थरथर, मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, स्वर कुठे रेंगाळला आणि कुठे सुटला, हे सगळे तो कसलाही भडकपणा न करता सांगतो. मन्सूरांच्या उत्तरवयातल्या ध्वनिमुद्रणांत आवाजाला आलेला खरखरीत पोत या हेडफोनवर गोड करूनही ऐकू येत नाही आणि बोचतही नाही. आमच्यातल्या ज्येष्ठ रसिकांचा हेडफोन या वस्तूवरच मुळात विश्वास नाही, तरीही विलंबित (संथ लयीतला ख्याल) संपेपर्यंत त्यांनी तो उतरवला नाही, आणि नंतर एवढेच म्हणाले की गाणे जवळून ऐकल्यासारखे वाटते, समोरून ऐकल्यासारखे मात्र नाही. हा आक्षेप बरोबर आहे. ‘एचडी ६००’चा पसारा लहान आहे, आणि सगळे काही कानाच्या आसपासच घडते.

त्याच्या खर्जाविषयी नेहमी तक्रार केली जाते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांचा मूळ स्वर साधारण १३९ हर्ट्झ असतो आणि खर्जाच्या तारेचा त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. ‘एचडी ६००’ तिथे उतरणीला लागलेला असतो हे खरे आहे. परंतु तानपुऱ्याच्या नादात मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या अंशस्वरांचाच (मूळ स्वरासोबत त्याच्या पटीत उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांचाच) वाटा मोठा असतो, कारण घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमके तेच अंशस्वर फुलवतो, आणि आपला कान त्या अंशस्वरांवरून मूळ स्वराची जागा स्वतः भरून काढतो. म्हणून हलक्या खर्जाच्या हेडफोनवरही तानपुरा पोरका वाटत नाही. उलट वरच्या पट्टीत एखादा उंचवटा असला तर तो मात्र ताबडतोब बिघडतो.

‘डीटी ९९० प्रो’ची अडचण नेमकी हीच आहे. त्याची घडण खालचा आणि वरचा पट्टा उचललेली आणि मधला थोडा मागे ठेवलेली अशी आहे, आणि साधारण आठ हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा उंचवटा चांगलाच जाणवतो. त्यामुळे जवारीला पत्र्यासारखी धार येते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेले गाणे ऐकताना तर हा हेडफोन शिक्षाच ठरतो. त्या तबकड्यांत साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्याचा अंश फार थोडा आणि सुई घासल्याचाच आवाज जास्त असतो, आणि हा हेडफोन नेमका तोच भाग पुढे आणून ठेवतो. केसरबाईंच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांत सगळा राग आटोपशीर मांडलेला असतो. तो ऐकताना लक्ष खरखरीकडेच जाणार असेल, तर महागड्या वस्तूपेक्षा घरातला साधा स्पीकर बरा. फोनवरच्या इक्वलायझरने आठ हजार हर्ट्झपाशी चार-पाच डेसिबल कमी केले की त्रास बराच ओसरतो, हे नमूद करायला हवे. मात्र इक्वलायझरला हात न लावणाऱ्या श्रोत्याला मी हा हेडफोन सुचवणार नाही.

भावगीतात आणि नाट्यपदात प्रश्न शब्दांचा असतो. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके यांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी केलेली गीतरामायणाची छप्पन्न गीते घ्या. त्यांत शब्द स्पष्ट पोचणे हाच गाण्याचा प्राण आहे, आणि मराठीत ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ यांची वर्दळ मोठी आहे. ‘डीटी ९९०’वर प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. ‘एचडी ६००’ इथेही उत्तम आहे. ‘एचडी ५६० एस’ त्याच्यापेक्षा किंचित उजळ आहे, तरी शब्द दुखवत नाही. ज्यांना ‘एचडी ६००’ची उजळ बाजूही जास्त वाटते, अशा कानांना २००३ सालचा त्याचा धाकटा भाऊ ‘एचडी ६५०’ अधिक मानवेल, कारण त्याची वरची पट्टी आणखी मऊ आहे. पण त्या मऊपणात जवारीची थोडी चमकही जाते, आणि ती चमक मला सोडवत नाही. ग्रॅडोविषयी एवढेच सांगतो की गिटार आणि गझल यांसाठी तो गमतीदार आहे, परंतु त्याच्यावर पेटी गायकाच्या पुढे येऊन बसते, आणि कानावर टेकणारा त्याचा फोम तासाभरात टोचू लागतो.

तबल्यासाठी मात्र निवड बदलते. ‘एचई ४०० एसई’ हा प्लॅनर जातीचा हेडफोन आहे. त्यात पातळ फिल्मवर वाहक पट्ट्या ओढलेल्या असतात आणि चुंबकांच्या क्षेत्रात ती सगळी फिल्म जवळजवळ एकसारखी हलते, त्यामुळे खर्ज खूप खालपर्यंत सपाट राहतो. डग्ग्यावर तळव्याने दाब देत वादक जो स्वर वर-खाली सरकवतो, तो या हेडफोनवर सलग ऐकू येतो. डायनॅमिक हेडफोनवर त्याचा तळ निसटतो आणि नुसता सरकण्याचा आभास उरतो. पखवाजाच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. आमच्या तबलावादक मित्रांनी एकल वादन ऐकून तत्काळ याच्याच बाजूने कौल दिला, आणि गाण्यासाठी ‘एचडी ६००’ बरा असला तरी ठेका ऐकायचा तर हाच, असे बजावले. माझे त्यांच्याशी पूर्ण एकमत नाही, कारण या हेडफोनवर गळा किंचित मागे सरकतो आणि वरची पट्टी थोडी कोरडी वाटते. त्याच कंपनीचा ‘सुंदरा’ याहून परिष्कृत आहे आणि महागही आहे.

प्लॅनरचा हा खोल खर्ज जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत उलटतो, याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि खाजगी बैठकींत टेप लावून केलेल्या ध्वनिमुद्रणांत तिचा गुणगुणाट बऱ्याच वेळा उतरलेला असतो. ‘एचडी ६००’वर तो अंधूक असतो, कारण त्याचा स्वतःचाच तळ तिथे उतरलेला आहे. प्लॅनरवर तोच गुणगुणाट तानपुऱ्याच्या खाली आणखी एक बेसूर तानपुरा लावल्यासारखा सतत ऐकू येतो. ज्यांचा संग्रह अशा टेपांवरून उतरवलेल्या मैफलींचा आहे, त्यांनी खरेदीपूर्वी हे ध्यानात घ्यावे.

लावणी, पोवाडा आणि हलगी यांत कसोटी आघाताची असते. ढोलकीची चाट तडाखेबंद यावी, तुणतुण्याची तार तिच्या मागे हरवू नये आणि झांजेचा आवाज लांबत गेला तरी चुरचुरू नये. इथे ‘डीटी ९९०’ पहिल्यांदाच मनापासून आवडला. हलगीच्या कडकडाटाला तो जी धार देतो ती बाकीच्यांत नाही, आणि दोन-चार गाणी ऐकण्यापुरता तो फार मजा आणतो. शाहिराचा आवाज मात्र मागे पडतो, आणि पोवाडा म्हणजे अखेर शाहिराचे शब्द. त्यामुळे सलग पोवाडा ऐकायचा असेल तर पुन्हा सेनहायझरकडेच वळावे लागते.

ज्या पसाऱ्याविषयी मी सुरुवातीला सावध केले, त्याचे खरे काम आहे ते स्टुडिओतल्या आणि सभागृहातल्या चांगल्या स्टिरिओ मुद्रणांत. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. तो ‘के ७०२’वर ऐकला की व्हायोलिनांचे थर, मागची पितळी वाद्ये आणि मधला कोरस आपापल्या जागी मोकळे उभे राहतात. ‘एचडी ६००’वर हीच मंडळी एकमेकांना खेटून बसतात. सतार-सरोदची जुगलबंदी किंवा रसिकांची दादही नीट पकडलेली सभागृहातली मैफल यांसाठीही ‘के ७०२’ सुखद आहे, आणि पाश्चात्त्य सिम्फनी ऐकणाऱ्याने तर आधी तोच पाहावा. त्याचा खर्ज किरकोळ आहे, डग्गा त्याच्यावर पोकळ होतो, आणि एकट्या गायकाला तो इतक्या दूर नेऊन बसवतो की ख्यालातली जवळीकच संपते.

ज्यांना मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा छातीत बसणारा ठोका हवा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. कोणताही ओपन-बॅक तो देत नाही. त्यांच्यासाठी बंद कपाचा हेडफोन हेच उत्तर आहे.

ॲम्पचा विषय टाळता येत नाही, कारण नुसत्या फोनला जोडून या हेडफोनविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे. ‘एचडी ६००’चा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) ३०० ओहम आहे आणि त्याला व्होल्टेज जास्त लागते. ‘एचई ४०० एसई’ केवळ ३२ ओहमचा असल्यामुळे सोपा वाटतो, पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो ते माप, ९१ डेसिबल इतकी कमी आहे की त्याला करंट भरपूर पुरवावा लागतो. ६२ ओहमच्या ‘के ७०२’चीही भूक अशीच आहे. फोनला लावण्याच्या छोट्या डाँगलवर ‘एचडी ६००’ शांत खोलीत पुरेसा वाजतो, परंतु मंद पातळीवर ध्वनिमुद्रित झालेले विलंबित ख्याल ऐकताना आवाज कमी पडतो. १२० ओहमचा ‘एचडी ५६० एस’ डाँगलवरही समाधान देतो, आणि ॲम्पसाठी वेगळा खर्च करायचा नसेल तर मी त्याचेच नाव घेईन. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा शौक असेल तर आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘एचडी ६००’चा इम्पिडन्स शंभर हर्ट्झच्या सुमारास बराच वाढतो, त्यामुळे अशा ॲम्पच्या मोठ्या आउटपुट इम्पिडन्सवर त्याच्या खर्जाला थोडा भराव येतो आणि ख्यालाला तो शोभून दिसतो. प्लॅनरचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्यामुळे त्याला हा लाभ मिळत नाही.

आता आपल्या घरांचा विचार. जाळीच्या पाठीमुळे छताचा पंखा, स्वयंपाकघरातला कुकर आणि रस्त्यावरची रिक्षा हे सगळे ख्यालात सामील होतात. मंगळवार पेठेसारख्या गजबजलेल्या भागात दिवसा हे हेडफोन घालण्यात अर्थ नाही, आणि गणपतीच्या दिवसांत तर ते कपाटात ठेवलेलेच बरे. रात्री उशिरा खोली शांत झाली की त्यांचा खरा उपयोग होतो, परंतु शेजारी कोणी झोपले असेल तर आतले गाणे त्यांनाही ऐकू जाते. दिवसा ऐकणारा आणि एकाच खोलीत चौघांसोबत राहणारा श्रोता असेल, तर त्याला मी यांतला एकही हेडफोन घ्यायला सांगणार नाही. उन्हाळ्यात मात्र कानांना वारा लागत राहतो, आणि बंद कपात घामाने भिजलेल्या कानांना हा फरक लगेच कळतो.

वजनाच्या बाबतीत ‘एचई ४०० एसई’ मागे पडतो. ३९० ग्रॅमचे ओझे डोक्यावर घेऊन पाऊण तासाचा बडा ख्याल ऐकला की मानेला जाणवते. ‘एचडी ६००’ २६० ग्रॅमचा आहे, पण नवा असताना त्याची पकड इतकी घट्ट असते की चष्मा लावणाऱ्याला पहिले काही आठवडे जाचतो. पुस्तकांच्या थप्पीवर ताणून ठेवल्यास ती सैल होते. ‘डीटी ९९०’ अंगाला सर्वांत सुखद आहे, आणि त्याच्या मखमली गाद्यांची सर इतरांना नाही, हे त्याच्या आवाजावर एवढी टीका केल्यानंतर मान्य करायलाच हवे.

आपल्या शहरात हे हेडफोन दुकानात ऐकून घेण्याची सोय जवळजवळ नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवताना माल परत करण्याची मुदत आणि भारतातली वॉरंटी या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात मखमली गाद्यांना ओल धरते आणि कुबट वास येतो. जून ते सप्टेंबर या काळात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. गाद्या आणि केबल वेगळ्या मिळतात की नाही, हेही दीर्घकाळ वापरणाऱ्याने पाहावे. ‘एचडी ६००’चा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. ‘डीटी ९९० प्रो’ची गुंडाळीची केबल कपातच पक्की बसवलेली असते, त्यामुळे ती तुटली की सोल्डरिंग जमणारा कारागीर शोधावा लागतो, आणि असे कारागीर राजारामपुरीत काय किंवा शाहूपुरीत काय, दर वर्षी कमीच होत चालले आहेत.